बस-मेट्रोचा तोटा मोजणाऱ्या समित्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

शहरांच्या सार्वजनिक वाहतुकीची अंदाजपत्रके तुमच्यापुढे मंजुरीला येतात, तेव्हा सोबत बहुतेक वेळा एक तक्ता जोडलेला असतो. एका रकान्यात शहरांची नावे, दुसऱ्यात टक्केवारी. गाड्या चालवायला जो खर्च येतो, त्यातला किती भाग तिकिटांतून वसूल होतो, ती ही टक्केवारी. हाँगकाँग आणि तोक्यो शंभराच्या पलीकडे असतात, अमेरिकेतली बरीचशी शहरे तळाशी. मग कुणीतरी विचारतो, ‘त्यांना जमतं, तर यांना का जमू नये?’ चर्चा तिथून सरळ दोनच गोष्टींकडे जाते: भाडे वाढवा, नाहीतर फेऱ्या कमी करा.

मी अशा संस्थांचे वार्षिक अहवाल आणि ताळेबंद बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्या वाचनावरून तुम्हाला कळकळीने सांगतो, की हा तक्ता जसाच्या तसा समोर ठेवून कुठलाही निर्णय घेऊ नका. त्यातले आकडे खोटे नसतात, पण ते एका मापाने मोजलेलेही नसतात. शिवाय त्यांच्यामुळे बचत भलत्याच जागी शोधली जाते. या क्षेत्रात मोठा पैसा वाचतो तो बांधकामात आणि रस्त्यावरच्या वेगात. कात्री मात्र लागते फेऱ्यांना, जिथे वाचतो सगळ्यांत कमी आणि बुडते सगळ्यांत जास्त.

आधी हाँगकाँगचे पाहू, कारण दाखला नेहमी त्याचाच दिला जातो. तिथल्या एमटीआर या रेल्वे कंपनीला तिकिटांतून चालवण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळत आले आहेत, हे खरेच आहे. पण नव्या मार्गिका बांधायला लागणारे प्रचंड भांडवल तेवढ्यातून उभे राहत नाही. त्यासाठी तिथली पद्धत अशी, की नव्या मार्गिकेच्या स्थानकांवरची आणि आगारांवरची जमीन विकसित करण्याचा हक्क सरकार या कंपनीला देते, आणि त्या जमिनीचे मूल्य धरते रेल्वे येण्याआधीचे. रेल्वे आल्यावर जमिनीचा भाव चढतो. मधल्या फरकातला मोठा वाटा कंपनीकडे येतो आणि तो नव्या मार्गिकांमध्ये जातो. कंपनीचे सुमारे तीन चतुर्थांश भागभांडवल सरकारकडेच असल्यामुळे लाभांशही बराचसा सरकारी तिजोरीत परततो. त्यात डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दाटलेले शहर, खासगी मोटारी फार थोड्या, आणि वाहनांनी होणारा दहातला साधारण नऊ प्रवास सार्वजनिक साधनांनी. एवढे सगळे जुळून आल्यावर वसुली शंभराच्या वर जाते. तरीही 2020 मध्ये, महामारीच्या वर्षी, याच कंपनीला शेअर बाजारात नोंदणी झाल्यापासूनचा पहिला वार्षिक तोटा झाला.

तुमच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही. जमीन सरकारने स्वतःच लिलावात विकली असती आणि तो पैसा अनुदान म्हणून कंपनीला दिला असता, तर तोच रुपया ‘अनुदान’ म्हणून नोंदला गेला असता आणि कंपनी ‘सरकारी मदतीवर जगणारी’ ठरली असती. गाड्या त्याच, प्रवासी तेच, जमीनही तीच. बदलली असती ती फक्त नोंद करण्याची जागा.

जपानमध्ये ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ओसाकाजवळच्या हांक्यू रेल्वेचे संस्थापक इचिझो कोबायाशी यांनी 1910 मध्ये मार्ग सुरू केला तो विरळ वस्तीतून. रुळांच्या कडेची जमीन घेऊन त्यांनी घरे बांधली आणि हप्त्यांवर विकली. 1929 मध्ये शहराकडच्या टोकाला, उमेदा स्थानकात, मोठे दुकान काढले. सकाळी शहराकडे जाणाऱ्या गाड्या भरतात आणि उलट दिशेच्या रिकाम्या धावतात, हे रेल्वेचे जुने दुखणे. दुसऱ्या टोकाला, ताकाराझुका येथे, करमणुकीची ठिकाणे उभारून त्यांनी त्या उलट दिशेलाही प्रवासी मिळवून दिले. तिथल्या अनेक खासगी रेल्वे कंपन्या आजही याच वाटेने चालतात. त्यांची वसुली पाहताना त्यांच्या इमारतींचे भाडे आणि दुकानांचा नफाही पाहिला पाहिजे. वाहतूक चालवणाऱ्या संस्थेला जमिनीच्या वाढत्या भावातला पैसाही मिळू द्यायचा नाही आणि वसुलीत मात्र जपानशी बरोबरी मागायची, हे न्यायाचे नाही.

आता एक बारकावा सांगतो, जो मला कुठल्याच तुलनेत दिसलेला नाही. जपानमध्ये नोकरदाराच्या मासिक पासाचे पैसे बहुतेक कंपन्या स्वतः देतात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर आयकर लागत नाही. हा पैसा रेल्वेच्या वहीत ‘तिकीट उत्पन्न’ म्हणून जमा होतो. पॅरिस परिसरात 1971 पासून मालकांवर वाहतुकीसाठी खास कर आहे. ज्यांच्याकडे अकरा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला आहेत, त्यांनी पगाराच्या प्रमाणात तो भरायचा. तिथल्या वाहतुकीच्या खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग या करातून निघतो. शिवाय कर्मचाऱ्याच्या पासाची अर्धी रक्कमही मालकानेच द्यायची. दोन्हीकडे पैसा मोजणारा एकच आहे, नोकरी देणारा. माणसे वेळेवर आणि दमल्याशिवाय कामावर पोचली, तर त्याचा फायदा होतो, म्हणून तो मोजतो. पण एकीकडे हा पैसा वसुलीत धरला जातो आणि दुसरीकडे त्यातला मोठा हिस्सा कर ठरून वसुलीबाहेर राहतो. या एका फरकाने पॅरिस तक्त्यात कितीतरी पायऱ्या खाली जाते, आणि ते वाचून कुणीतरी लिहितो, की पॅरिसचा प्रवासी खर्चाचा भार उचलत नाही.

व्हिएन्नातही मालकांकडून दर कर्मचाऱ्यामागे असा कर 1970 पासून घेतला जातो. तिथला 365 युरोंचा वार्षिक पास 2012 पासून 2025 अखेरपर्यंत टिकला, त्यामागे हा कर होता, पार्किंगच्या शुल्काचा पैसा होता आणि शहराचे अनुदानही होते. स्वस्त पासाचे कौतुक करताना त्याखालचे हे खांब सांगितले नाहीत, तर दुसरी शहरे नुसता पास उचलतात आणि दोन वर्षांत तोंडघशी पडतात.

खर्चाच्या बाजूला गोंधळ याहून मोठा आहे. ‘चालवण्याचा खर्च’ म्हणजे नेमके काय, यावर जगात एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आकडेवारीत तो मोजताना घसारा, म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी दरवर्षी धरायची रक्कम, आणि कर्जावरचे व्याज बाजूला ठेवले जाते. सिंगापूरमध्ये बोगदे, रूळ आणि स्थानके सरकार बांधते. गाड्या आणि सिग्नल यंत्रणाही आता तिथल्या भूपरिवहन प्राधिकरणाच्या मालकीच्या आहेत. चालवणारी कंपनी परवान्यापोटी शुल्क भरते. न्यूयॉर्कची वाहतूक संस्था एमटीए जुन्या बांधकामासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते दरवर्षीच्या अंदाजपत्रकातूनच फेडते. या तिघांचा ‘दर किलोमीटर खर्च’ एका ओळीत लिहिला, तर एकाने घराचे भाडे धरले आहे, दुसऱ्याने धरलेले नाही आणि तिसऱ्याने आजोबांनी काढलेल्या कर्जाचा हप्ताही धरला आहे, असा तो घरखर्च होतो.

प्रवासी मोजण्यातही असेच आहे. एखादा माणूस घरून कामाला निघाला. आधी बस, मग मेट्रो, उतरल्यावर पुन्हा बस. त्याच्या दृष्टीने प्रवास एकच झाला, पण प्रत्येक चढण्याला एक प्रवासी धरायची पद्धत असेल, तर वहीत तीन प्रवासी लागतात. दुसऱ्या शहरात तेवढ्याच अंतराला थेट बस असेल, तर तिथे एकच लागतो. आता खर्चाला प्रवाशांनी भागा: पहिल्या शहराचा ‘दर प्रवासी खर्च’ काही न करता एक तृतीयांशावर येतो. अमेरिकेची आकडेवारी अशी चढण्यावर मोजली जाते, इतरत्र अनेक ठिकाणी पूर्ण प्रवासावर. अंतराचे म्हणाल, तर तीस किलोमीटर नेणारी उपनगरी गाडी आणि तीन किलोमीटर नेणारी ट्राम यांची तुलना दर प्रवाशामागे केली की ट्राम जिंकते आणि दर प्रवासी-किलोमीटरमागे केली की गाडी जिंकते. कुठले माप घ्यायचे हे ज्याने ठरवले, त्याने निकालही ठरवून टाकलेला असतो. म्हणून माझा आग्रह आहे, की दोन्ही मापे नेहमी शेजारी छापली जावीत.

चलनाचा मुद्दा थोडक्यात. ज्या देशात पगार कमी आहेत, तिथे बस चालवणे स्वस्त पडते, कारण बसच्या खर्चात सगळ्यांत मोठा वाटा माणसांच्या पगाराचा असतो. पण बोगदा खणायचे यंत्र, सिग्नल यंत्रणा, गाड्यांचे सुटे भाग यांचा भाव जगभर जवळपास सारखाच. भाडे मात्र स्थानिक पगाराला झेपेल एवढेच ठेवावे लागते. म्हणून श्रीमंत शहरातले बस-विरुद्ध-मेट्रोचे गणित गरीब शहराला लागू पडत नाही. गरीब शहरात बसची बाजू अधिक भक्कम असते आणि मेट्रोला खच्चून गर्दीचाच मार्ग लागतो.

साधनांची तुलनाही यातच येते. भरलेल्या भुयारी गाडीत हजाराहून जास्त माणसे एका चालकामागे जातात, त्यामुळे दर प्रवासी खर्च फार खाली येतो. पण सरकते जिने, बोगद्यातली हवा, स्थानकातली माणसे, रुळांची देखभाल हा खर्च गाडीत दहा माणसे असोत की हजार, व्हायचाच. बसला हा बोजा नाही. मार्ग भरलेला असेल तर मेट्रो सर्वांत स्वस्त पडते आणि रिकामा असेल तर सर्वांत महाग, यात विरोधाभास काहीच नाही. चालकाविना धावणाऱ्या गाड्यांनी मधली एक वाट दाखवली आहे. फ्रान्समधल्या लिलमध्ये 1983 पासून, कोपनहेगनमध्ये 2002 पासून अशा गाड्या आहेत, आणि पॅरिसची जुनी पहिली मार्गिका 2012 पर्यंत पूर्णपणे तशी झाली. फेरी वाढवली तरी चालक वाढत नाही, म्हणून रात्री छोट्या गाड्या थोड्याथोड्या वेळाने सोडणे परवडते.

आता कात्री कुठे लागते ते पाहू. वसुली कमी दिसली की नजर जाते दुपारच्या अर्धवट रिकाम्या बसवर. भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचे प्रमाण, कमी म्हणून फेरी रद्द. वरवर शहाणपणाचा वाटतो हा निर्णय, पण वहीतल्या ओळी उघडून पाहा. बस विकत घेतली ती सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी, तिचे पैसे गेलेलेच आहेत. चालक-वाहकांच्या पाळ्या गर्दीच्या वेळा धरून आखलेल्या, त्यामुळे मधल्या तासांच्या पगारातलाही बराचसा द्यावाच लागतो. आगार, कार्यशाळा, कार्यालय यांचा खर्च हलत नाही. वाचते ते इंधन, टायर आणि थोडीशी झीज. कागदावर मात्र त्या फेरीच्या माथी सरासरी दर किलोमीटर खर्च पूर्ण मारलेला असतो, म्हणून ती महाग दिसते. आणि जाते काय? जो माणूस सकाळी गर्दीच्या बसने येऊन दुपारी परततो, त्याची परतीची सोय गेली. त्याने दुसरे साधन धरले की सकाळचे तिकीटही गेले. पुढच्या वर्षी सकाळच्या बसचे भारमानही उतरते आणि कात्रीला नवी जागा मिळते.

अर्थशास्त्रात हे अनोळखी नाही. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी 1972 मध्येच दाखवून दिले, की प्रवासी वाढले म्हणून गाड्या वाढवल्या तर जुन्या प्रवाशांचा थांब्यावरचा वेळही वाचतो. म्हणजे प्रत्येक नवा प्रवासी इतरांची सोय वाढवतो. उलट दिशेने गेलात, तर फेरी कमी केल्याचा भुर्दंड राहिलेला प्रत्येक प्रवासी आपल्या वेळाने भरतो. हा वेळ कुठल्याच ताळेबंदात लिहिला जात नाही. चांगली सेवा देणारी संस्था फक्त तिकिटावर उभी राहावी, ही अपेक्षा या कारणानेच चुकीची आहे. अनुदानाला एवढा भक्कम आधार असताना संस्थांना दरवर्षी मान खाली घालून ते मागायला लागावे, याचे मला फार वाईट वाटते.

मग पैसा वाचवायचा कुठे? रस्त्यावर. एक साधे गणित मांडतो. समजा एक मार्ग दहा किलोमीटरचा आहे, जाऊन-येऊन वीस. दर दहा मिनिटांनी बस सोडायची आहे. टोकाला बस उभी राहते तो वेळ सोयीसाठी बाजूला ठेवू. कोंडीमुळे बस ताशी दहा किलोमीटर वेगाने चालत असेल, तर एका फेरीला दोन तास लागतात आणि मार्गावर बारा बस लागतात. त्याच रस्त्यावर बसला स्वतंत्र मार्गिका दिली, सिग्नलला प्राधान्य दिले, सगळ्या दारांतून चढ-उतार सुरू केली आणि वेग ताशी पंधरावर गेला, तर फेरी ऐंशी मिनिटांची होते आणि आठ बस पुरतात. चार बस आणि त्यांच्यावरचे सगळे चालक-वाहक मोकळे झाले. प्रवाशाला बस अजूनही दर दहा मिनिटांनीच मिळते, आणि वर लवकर पोचवते. किंवा त्याच बारा बस ठेवल्या, तर दर सात मिनिटांच्या आत एक मिळते. बस किंवा चालक-वाहक एकानेही न वाढवता.

यासाठी लागतो रंग, खांब आणि मोटारींसाठी उभ्या राहायच्या जागा काढून घ्यायची हिंमत. ती हिंमत वाहतूक संस्थेच्या हातात नसते, रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या हातात असते. कोंडी रस्ता सांभाळणारा विभाग होऊ देतो आणि तिचा तोटा मात्र बस संस्थेच्या वहीत लिहिला जातो. सदस्यहो, तुमच्यापैकी अनेकांपुढे दोन्ही विभागांची अंदाजपत्रके येतात. ती एकत्र वाचा, एवढीच विनंती. ब्राझीलमधल्या कुरितिबाने 1974 मध्ये बसला स्वतःचा रस्ता दिला, कोलंबियातल्या बोगोटाने 2000 च्या डिसेंबरात तीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. बोगोटात रस्ता आणि स्थानके सार्वजनिक पैशातून झाली, बस खासगी कंपन्यांनी आणल्या, आणि भाड्यातून चालवण्याचा खर्च निघावा अशी रचना होती. पुढे भाडे अपुरे पडू लागले आणि फरक शहराच्या तिजोरीतून भरावा लागला. म्हणून बोगोटा फसले असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तुटीची वेळ येणार होतीच. ती भरण्याची तजवीज पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

दुसरी मोठी बचत बांधकामात आहे, आणि तिथले फरक थक्क करणारे आहेत. न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यू मार्गाचा पहिला टप्पा 1 जानेवारी 2017 रोजी सुरू झाला: सुमारे तीन किलोमीटर, तीन नवी स्थानके, खर्च जवळपास साडेचार अब्ज डॉलर. माद्रिदने मेट्रोसुर नावाचा सुमारे चाळीस किलोमीटरचा, अठ्ठावीस स्थानकांचा वर्तुळाकार भुयारी मार्ग साधारण तीन वर्षांत बांधून 2003 मध्ये सुरू केला, आणि दर किलोमीटरला आलेला खर्च न्यूयॉर्कच्या तुलनेत अगदीच किरकोळ होता. जमीन, भूगर्भ, मजुरी, मधली वर्षे आणि महागाई हे सगळे धरूनही ही दरी भरून निघत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरचे प्रकल्प ताडून पाहिले, तेव्हा कारणे अगदी रोजच्या कामकाजातली निघाली: गरजेपेक्षा कितीतरी मोठी खणलेली स्थानके, प्रत्येक स्थानकाचा वेगळा आराखडा, कामावर जास्तीची माणसे, आणि संस्थेत जाणकार अभियंते कमी म्हणून सल्लागारांवर टाकलेला भार. माद्रिदमध्ये मोजक्या अनुभवी अभियंत्यांना जागच्या जागी निर्णय घेण्याचे अधिकार होते आणि स्थानके साधी, एकसारखी होती.

लंडनच्या एलिझाबेथ मार्गाचे 2010 मधले अंदाजपत्रक 14.8 अब्ज पौंडांचे होते. मार्ग डिसेंबर 2018 ऐवजी मे 2022 मध्ये उघडला आणि खर्च 18 अब्जांच्या वर गेला. मार्ग उत्तम आहे, गर्दीही भरपूर आहे. पण एका प्रकल्पातली एवढी वाढ म्हणजे कितीतरी वर्षांच्या दुपारच्या बसफेऱ्या. दुपारची फेरी रद्द करताना समितीत तासभर वाद होतो आणि स्थानकाची लांबी पन्नास मीटरने वाढवणारा बदल पुरवणी मागणीत बसून पुढे जातो. हे प्रमाण उलटे झाले पाहिजे.

तिकिटावर फार विसंबण्याचा धोका लंडननेच दाखवला. तिथल्या वाहतूक संस्थेला केंद्र सरकारकडून मिळणारे चालवण्याचे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करून 2018 पर्यंत शून्यावर आणले गेले. तक्त्यात लंडन वर चढले, कौतुक झाले. एप्रिल 2020 मध्ये भुयारी रेल्वेचे प्रवासी सुमारे पंचाण्णव टक्क्यांनी घटले आणि काही आठवड्यांतच सरकारला तातडीचा पैसा ओतावा लागला. पॅरिसलाही महामारीचा फटका बसला, पण मालकांच्या कराचा ओघ पूर्ण आटला नाही. उत्पन्नाचे चार झरे असले म्हणजे एक आटल्यावर शहर थांबत नाही. वसुलीच्या टक्केवारीला हा गुण दिसतच नाही. तिच्या लेखी जितके एकाच झऱ्यावर अवलंबून राहाल तितके तुम्ही चांगले.

भाडे गोठवण्याच्या बाजूनेही मी नाही, हे इथे स्पष्ट करतो. न्यूयॉर्कमध्ये 1904 पासून 1948 पर्यंत भुयारी रेल्वेचे भाडे पाच सेंटच राहिले. दोन महायुद्धे झाली, महागाई झाली, पण भाडे हलवायची कुणाची तयारी नव्हती. खासगी कंपन्या खंगत गेल्या आणि 1940 मध्ये शहराला त्यांचे मार्ग ताब्यात घ्यावे लागले. भाडे महागाईबरोबर थोडेथोडे वाढणे प्रवाशाच्याही हिताचे असते. वर्षानुवर्षे गोठवून एकदम दीडपट करणे नव्हे. हाँगकाँगमध्ये 2007 पासून भाडेबदलाचे सूत्र ठरलेले आहे. ते निर्दोष नाही, पण निदान त्याचा निवडणुकीच्या तारखेशी संबंध नाही.

फुकट प्रवासाचेही तारतम्याने बोलले पाहिजे. लक्झेंबर्गने 2020 मध्ये देशभर सार्वजनिक प्रवास मोफत केला, तेव्हा तिकिटांतून खर्चाचा दहावा भागसुद्धा निघत नव्हता. सोडायला फारसे काही नव्हतेच. एस्टोनियातल्या तालिन शहराने 2013 मध्ये फक्त नोंदणी केलेल्या रहिवाशांना मोफत प्रवास दिला. त्यामुळे शहरात नोंदणी वाढली आणि रहिवाशांच्या आयकरातला शहराचा वाटाही वाढला. ज्या संस्थेचा निम्मा खर्च तिकिटांतून निघतो, तिने हे उदाहरण घेतले तर निम्मा पैसा कुठून आणणार ते आधी सांगावे. सेऊलमध्ये पासष्ट वर्षांवरच्यांना 1984 पासून भुयारी रेल्वे मोफत आहे. निर्णय देशाचा, पण तोटा शहराच्या रेल्वे संस्थेच्या वहीत साचत राहिला आणि त्यावरून केंद्र आणि शहर यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे. ज्येष्ठांना सवलत द्यावीच. ज्याने ती जाहीर केली, त्याने तिचे पैसे संस्थेला वेळेवर द्यावेत आणि संस्थेच्या वहीत ते उत्पन्न म्हणून लागावेत. जर्मनीने मासिक राष्ट्रीय तिकीट आणताना निदान एवढे केले, की तुटीसाठी केंद्र आणि राज्ये यांनी वर्षाला दीड-दीड अब्ज युरो द्यायचे ठरवले.

आणखी एक वही आहे, जी या तुलनेत कधीच उघडली जात नाही. रस्त्याकडेची फुकट पार्किंगची जागा, उड्डाणपूल, अपघातांचा दवाखान्यांवर पडणारा भार, धूर, कोंडीत गेलेले तास, हा सगळा मोटारीचा खर्च आहे आणि तो सगळ्यांच्या करातून भरला जातो. रस्त्याची वसुली किती टक्के, असे कुणी विचारत नाही. सिंगापूरने 1975 मध्ये, लंडनने 2003 मध्ये आणि न्यूयॉर्कने 2025 च्या जानेवारीत मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावले. न्यूयॉर्कमध्ये ते सुरुवातीला गर्दीच्या वेळी नऊ डॉलर ठेवले गेले आणि त्याचे उत्पन्न वाहतूक संस्थेच्या भांडवली कामांना बांधून दिले. मोटारीला जागेची किंमत मोजायला लावणे आणि तो पैसा बस-रेल्वेला देणे, यात मला तरी पूर्ण न्याय दिसतो. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी तर 1952 मध्येच न्यूयॉर्कच्या रेल्वेसाठी वेळ आणि अंतराप्रमाणे बदलणारे भाडे सुचवले होते. त्यांना 1996 मध्ये नोबेल मिळाले. शहराने मात्र ती सूचना अमलात आणली नाही.

म्हणून मागणी अशी. पुढच्या अंदाजपत्रकाबरोबर तुलनेचा तक्ता आलाच, तर प्रत्येक शहरापुढे या गोष्टी लिहून मागा: घसारा आणि व्याज धरले आहे की नाही, बोगदे-गाड्यांची मालकी कुणाची, प्रवासी चढण्यावर मोजले की पूर्ण प्रवासावर, सरासरी अंतर किती, मालकांकडून आणि जमिनीतून आलेला पैसा कुठल्या खात्यात आहे, सवलतींची भरपाई कोण देतो. ही माहिती बहुतेक संस्थांच्या वार्षिक अहवालात असते. एका जाणत्या लेखापालाचे हे काही आठवड्यांचे काम आहे. ज्या शहराची माहिती मिळत नाही, ते तक्त्यातून वगळा.

फेरी रद्द करण्याचा प्रत्येक प्रस्ताव सरासरी खर्चावर न मांडता, ती फेरी बंद केल्यावर प्रत्यक्ष किती पैसे वाचतील आणि जोडीचे किती तिकीट जाईल, या दोन आकड्यांवर मांडायला लावा. त्याच बैठकीत त्या मार्गावरचा बसचा सरासरी वेग गेल्या पाच वर्षांत कसा बदलला ते विचारा, आणि उत्तर द्यायला रस्ते विभागाच्या अधिकाऱ्यालाही बोलवा. वेग घटलेला असेल, तर फेरीचा प्रस्ताव बाजूला ठेवून आधी बस मार्गिकेचा प्रस्ताव मागवा. बांधकामाच्या बाबतीत, स्थानकाचा आकार किंवा आराखडा बदलणारी प्रत्येक पुरवणी मागणी स्वतंत्र विषय म्हणून कार्यपत्रिकेवर घ्या. शेजारच्या रकान्यात त्या रकमेत वर्षभर किती बस-किलोमीटर चालले असते, तो आकडा छापून घ्या, आणि मतदान त्यानंतर घ्या.

आपला,
सार्वजनिक वाहतुकीचा एक प्रवासी आणि करदाता